दुपारी उदार होणारा काटा

१

बाजारातला सुकामेव्याचा दुकानदार दुपार झाली की उदार होतो, ही बातमी गावाला आमच्या आधी कळली. सकाळी त्याच्या दुकानाकडे कुत्रं फिरकत नसे. जेवणं उरकली की मात्र बायका पिशव्या घेऊन रांगेत उभ्या. पाव किलो बदाम मागावेत आणि घरी येऊन बघावं, तर बरणी भरून वर मूठभर उरावेत.

तो बिचारा स्वभावानं अजिबात उदार नव्हता. बेदाणा जास्त पडला तर चिमटीत धरून परत काढणारा माणूस. एके दिवशी तो आमचा काटा काखोटीला मारून थेट कारखान्यात शिरला आणि माझ्या टेबलावर आदळून म्हणाला, "वहिनी, दुकानदारानं गिऱ्हाइकाला मापात मारलेलं ऐकलंय. काट्यानं दुकानदाराला मारलेलं ऐकलंय कधी? सकाळी खरं बोलतो हा. दुपारी माझ्या जिवावर दानधर्म करतो!"

आमचा कारखाना म्हणजे खाली दोन लांबोडक्या खोल्या आणि एक ऑफिस, वर आमचं घर. आम्ही विजेवर चालणारे वजनकाटे बनवतो. सासऱ्यांनी हा उद्योग उभा केला, म्हणून ते मोठे साहेब. माझा नवरा छोटे साहेब. दारातून आत येताना त्याला वाकावं लागतं, पण वडिलांसमोर तो छोटाच. माल पाठवणं आणि तक्रारी ऐकणं ही दोन कामं माझी. त्यातलं दुसरं त्या दिवसापर्यंत जवळजवळ नव्हतंच.

मग तक्रारींची रीघ लागली. भाजीवाली आली, खिळे विकणारा आला. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. काटा थंड असताना चोख. चालू राहून पोटात ऊब धरली की वजन कमी दाखवणार. एका व्यायामशाळेनं मात्र काटा परत द्यायला साफ नकार दिला. "संध्याकाळच्या बॅचच्या बायका फार खूश आहेत," तिथला मास्तर फोनवर म्हणाला. "मेहरबानी करून त्याला हात लावू नका."

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वजनमापाचा सरकारी निरीक्षक लवकरच तपासणीला येणार होता. त्याच्यासमोर काटा असा लहरी वागला असता तर परवाना जाऊन कारखान्याला टाळं लागलं असतं.

ऑफिसात बैठक बसली. सासरे गरजले, "हे मेहुणेबुवांचं काम! कुठून तरी स्वस्तातला माल उचलून आणला असणार."

मेहुणेबुवा म्हणजे माझा सख्खा भाऊ. आमच्याकडे खरेदी बघतो. मी तोंड उघडणार इतक्यात नवरा म्हणाला, "बाबा, मला वाटतं ताईंचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. सोल्डरिंगला मशीन आणू या." ताई म्हणजे आमची जुनी कारागीर; धातूचा डाख देऊन सुटे भाग बोर्डाला जोडायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम तिचं.

"ताईचं नाव काढलंस तर याद राख!" सासऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली. "मी माझ्या बहिणीला बोलावतो. दूध का दूध करेल ती."

आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघतच राहिलो.

"पण बाबा," मी म्हटलं, "आत्या तर मेलेल्या माणसांच्या डॉक्टर!"

२

आत्यांनी सगळी नोकरी मोठ्या इस्पितळाच्या शवागारात केली. कोण कशानं मेलं हे सांगणं त्यांचं काम. निवृत्त झाल्यापासून त्यांचा जीव रमत नव्हता, कारण आसपासची माणसं मरायचं नाव घेत नव्हती. भावाचा फोन जाताच त्या स्वतःचा सूक्ष्मदर्शक पोटाशी धरून रिक्षातून उतरल्या. उतरल्या उतरल्या विचारलं, "मयत कुठे आहे?"

मी दुकानदाराचा काटा पुढे केला. त्यांनी हातमोजे चढवले, स्क्रू काढले आणि आतला हिरवा सर्किट बोर्ड दिव्याखाली धरला. तळहाताएवढा बोर्ड, त्यावर मुंग्यांसारखे बसलेले सुटे भाग.

"सूनबाई, यातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या दिवशी मला माणसातलंही काही कळत नव्हतं. बघायचं. बघत राहायचं."

त्या बघत राहिल्या. माझा चहा गार झाला, त्यांचाही झाला. शेवटी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावायला सांगितलं. बोर्डाच्या एका कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा एक पिवळट तुकडा होता. कपॅसिटर म्हणतात त्याला. त्याच्या अंगावर केसाएवढी भेग गेली होती.

नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो गंभीर झाला. "हा भाग चिनी मातीच्या कपासारखा असतो, आत्या. एकदम चटका बसला की तडकतो. थंड असताना भेग मिटलेली राहते. ऊब मिळाली की तिच्यातून वीज झिरपते आणि काटा चुकतो."

परत आलेले सगळे काटे उघडले. प्रत्येकात तोच कोपरा, तीच भेग.

आत्यांनी हातमोजे काढले. त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांत एवढा प्रफुल्लित दिसला नव्हता. "भाजून मृत्यू," त्या म्हणाल्या. "आणि एकाच पद्धतीनं. अपघात नाही हा. कोणीतरी हे करतंय, आणि अजून करत असेल."

३

जिवंत माणसांची उलटतपासणी घेण्याचा आत्यांना सराव नव्हता. समोरचा बोलायला लागला की त्या त्याची नखं बघत.

पहिला माझा भाऊ. तो आला तोच घामाघूम. "अगं, तू तरी सांग ना यांना!" तो मला म्हणाला. "मी नवा व्यापारी धरला हे खरं. पण माल चांगला आहे!"

"पुडा आण," आत्या म्हणाल्या. त्यांनी पुड्यातले न वापरलेले कपॅसिटर एकेक करून पाहिले. एकावरही भेग नव्हती. "शिवाय बोर्डावर याच पुड्यातले आणखी भाग आहेत, ते ठणठणीत. तू निर्दोष आहेस. नखं चावणं सोड."

भाऊ इतका खूश झाला की जाता जाता दुसऱ्याचं नाव सांगून गेला. "त्या पासला विचारा. तो काय तपासतो ते एकदा विचाराच!"

पास हे आमच्या तपासनिसाचं टोपणनाव. बोर्ड जोडून झाला की तो काटा चालवून बघतो आणि "पास!" म्हणून ओरडतो. तपासताना दुसरा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. आत्यांनी त्याला काटा तपासून दाखवायला सांगितलं. त्यानं सवयीनं हात लांब केला आणि काट्यावर ठेवला तो स्वतःचा जेवणाचा डबा.

"हे काय?" नवरा किंचाळला. "पितळी वजनं कुठायत?"

"ती त्या टोकाला असतात, छोटे साहेब. डबा हाताशी असतो. आणि बायको रोज अगदी मापात भरते."

"आणि जेवण झाल्यावर?"

पासनं मान खाली घातली. नवरा त्याच्या अंगावर धावून जाणार होता, पण आत्यांनी अडवलं. "याला नंतर काय ते बोल. डब्यामुळे काटा चुकला असता तर दिवसभर सारखाच चुकला असता. आपला मयत गरम झाल्यावर चुकतो. आळशीपणा वेगळा, खून वेगळा."

शेवटी ताई. तीसेक वर्षांपूर्वी सासऱ्यांनी तिला स्वतः सोल्डरिंग शिकवलं. तेव्हापासून कारखान्यातला प्रत्येक सांधा तिच्या हाताखालून जातो. ती शांतपणे सांगत होती. सोल्डर वितळवायच्या आयर्नचं तापमान ठरलेलं असतं, त्याचं बटण कुलूपबंद असतं. पूर्वी सोल्डरमध्ये शिसं असायचं. ते आता बंद झालं. नव्या सोल्डरचा सांधा दिसायला मलूल, राखाडी, पण मजबूत.

"मग हे बघ," म्हणून आत्यांनी तिला नळीतून तो कोपरा दाखवला.

ताई वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"माझ्याकडूनच झालं हे," ती म्हणाली. "मशीन आणा, छोटे साहेब. मी उद्यापासून येत नाही."

४

नवऱ्याला गुन्हेगार सापडला होता, तरी तो रडवेला झाला. ताईनं त्याला लहानपणी खांद्यावर खेळवलं होतं. संशय घेणं सोपं असतं. तो खरा ठरला की घास घशाखाली उतरत नाही.

"बाबांना कसं सांगू?" तो मला म्हणाला.

"काही सांगू नकोस," आत्या म्हणाल्या. "ती खोटं बोलतेय. म्हणून मला मयत आवडतात. ते कबुलीजबाब देत नाहीत." त्यांनी मला पुन्हा नळीपाशी बसवलं. "ताईचं आयर्न जास्त तापलं असतं तर सगळं प्रेत भाजलं असतं. इथे एकच जागा भाजली आहे. आता भेग सोड. तिच्या शेजारचा सांधा बघ आणि बाकीचे बघ. काय फरक आहे?"

मी पाहिलं. बोर्डावरचे सगळे सांधे छोटे, नेटके, राखाडी होते. कोपऱ्यातला तो एक मात्र फुगलेला आणि आरशासारखा लख्ख. वऱ्हाडात एकटाच नवरदेव नटून बसावा तसा.

"चकाकतोय," मी म्हटलं. "म्हणजे जुनं सोल्डर. शिशाचं!"

"आणि तोच कोपरा का?"

ते मला माहीत होतं. जोडलेले, पास झालेले काटे बॅटरी बसवण्यासाठी मांडणीवर पालथे ठेवतात. खालच्या बाजूला बॅटरीची खिडकी असते. त्या खिडकीतून बोर्डाचा तेवढाच कोपरा दिसतो.

"म्हणजे ताईचं काम झाल्यावर, पासचं काम झाल्यावर, कोणीतरी खिडकीतून आयर्न घालतं," आत्या म्हणाल्या. "सांधा वितळवून त्यावर जुन्या सोल्डरचा थर देतं. बेताबेतानं नाही, चांगलं दाबून. शेजारचा नाजूक जीव त्या आगीत तडकतो. आता मला हत्यार हवंय. कारखान्यात कुलूप नसलेलं आयर्न कुठे आहे?"

"एकही नाही."

असं मी म्हटलं खरं. पण दुपारची जेवणं उरकून ऑफिसात पाणी प्यायला गेलो तर समोर काचेची पेटी. तिच्यात सासऱ्यांचं पहिलं आयर्न. लाकडी मुठीचं, जाडजूड, तापायला लागलं की थांबणं माहीत नसलेलं. कारखान्यातला पहिला काटा त्यानं जोडला होता. शोभेची वस्तू, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, असं मी आत्यांना सांगत होते. आत्यांनी पेटीचं झाकण उचललं आणि कौतुकानं त्याच्या टोकाला बोट लावलं.

"आई गं!" त्या ओरडल्या.

शोभेची वस्तू तापलेली होती.

५

बोटाला गार पाणी लावत आत्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, मला नाव कळलंय. आणि मला ते नको होतं."

"कोण?"

"तूच बघ. सांधा चकाकलाच पाहिजे असं ज्याला वाटतं, तो जुन्या काळात शिकलेला. म्हणजे तुझा भाऊ नाही, पास नाही. दोघंही नवे. जुन्यात राहिले दोन. ताईला नवं सोल्डर ठाऊक आहे, आणि त्या कपॅसिटरजवळ आयर्न दाबायचं नाही हेही. शिवाय हा सांधा केवढा ओघळलाय! ज्यानं केला त्याला आपण किती घालतोय ते धड दिसत नव्हतं. आता बोल. जुन्या काळचा, जुनं सोल्डर जपून ठेवणारा, नजर अधू झालेला, आणि त्या पेटीचं झाकण उघडायला ज्याला कुणाची परवानगी लागत नाही, असा कोण?"

"बाबा दुपारी वर झोपलेले असतात," मी म्हटलं. "दार लावून."

"दार लागलेलं असतं. माणूस आत असतो का, ते कधी पाहिलंस?"

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा आम्ही दोघी रिकाम्या खोक्यांच्या मागे बसलो. आत्यांचे गुडघे कुरकुरत होते आणि मला शिंक येत होती. थोड्या वेळानं जिन्यावर सपाता वाजल्या आणि ऑफिसात शिरल्या. आयर्न तापेल एवढा वेळ गेला. सासरे आले. एका हातात तापलेलं आयर्न, दुसऱ्या हातात सोल्डरचं रीळ, कपाळावर चष्मा. तो नाकावर असता तरी फारसा फरक पडला नसता, हे मला त्यांच्या चाचपडण्यावरून कळलं.

मांडणीवरचा एकेक काटा ते कुशीत घेत होते. खिडकीतून कोपरा बघत, आयर्न टेकवत, दाबून धरत. मग लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालावी तशी फुंकर घालत आणि काटा पुन्हा जागेवर ठेवत. मधूनच पुटपुटत, "झालं हं. झालं."

मी आत्यांकडे पाहिलं. आयुष्यभर प्रेतं फाडलेली बाई पदरानं डोळे पुसत होती.

"आता?" मी कुजबुजले.

"आता कारण सांगावं लागणार," त्या म्हणाल्या. "नातेवाइकांना सांगायचं काम मी नेहमी दुसऱ्यावर ढकलायचे."

६

चहाच्या वेळी सगळे लांब टेबलाभोवती जमले. ताई पिशवी भरून, निरोप घ्यायच्या तयारीनं आली होती. सासरे तावातावानं म्हणाले, "बोल. नाव सांग. हा मेहुणाच ना?"

"दादा, आधी तू मला मदत कर," आत्या म्हणाल्या. त्यांनी नळीखाली एक बोर्ड सरकवला. "मला सोल्डरिंगमधलं कळत नाही. यातला चांगला सांधा कोणता ते सांग."

सासऱ्यांनी डोळा लावला. इतकं मोठं आणि स्वच्छ त्यांना कित्येक दिवसांत दिसलं नसावं. ते हरखून गेले. "हे सगळे मेलेले. राखाडी. पण हा बघ! हा कोपऱ्यातला! कसा चकाकतोय! याला म्हणतात हात. हा मी..."

ते थांबले. पाससुद्धा गप्प राहिला.

"थोडं डावीकडे बघ, दादा," आत्या हळूच म्हणाल्या.

त्यांना भेग दिसली. ती कशानं पडते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते नळीवर वाकलेलेच राहिले, जणू मान वर केली नाही तर आम्ही निघून जाऊ.

"बाबा, तुम्ही हे का केलंत?" नवऱ्यानं विचारलं.

"का म्हणजे?" सासरे खालमानेनंच म्हणाले. "ताईचे सांधे मरायला लागले होते. मला दिसत होतं ना. तू ऊठसूट मशीनचं नाव काढतोस. म्हटलं, तुझ्या लक्षात यायच्या आत आपण नीट करून ठेवावेत. बाईनं हयात घालवली इथे."

"बाबा, नवं सोल्डर असंच दिसतं. मी तुम्हाला सांगितलं होतं!"

"तू सांगत होतास तेव्हा मी मान हलवत होतो. ऐकत नव्हतो."

आत्या ताईकडे वळल्या. "आणि तू? तुला काल नळीतून बघताच कळलं होतं."

ताईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "आयर्न उचलताना टोक असं उजवीकडे फिरवायची सवय एकाच माणसाची आहे. मला त्यांनीच शिकवलं, मी हात ओळखणार नाही?"

"मग गुन्हा स्वतःवर का घेतलास?"

"मोठ्या साहेबांना सगळ्यांसमोर खाली बघावं लागलं असतं," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

"म्हणजे हा तिला वाचवत होता आणि ती याला," आत्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "एकमेकांशी दोन शब्द बोलला असतात तर मला रिक्षात बसावं लागलं नसतं! म्हणून सांगते, माणसं मेल्यावरच शहाणी होतात."

सगळ्यात आधी माझा भाऊ हसला. निर्दोष सुटल्याचा आनंद त्याला आवरत नव्हता. मग नवरा हसला, मग ताई रडता रडता हसली. सासरे मात्र हसले नाहीत. ते उठले, टेबलाला वळसा घालून ताईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलो."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यानं जन्मल्यापासून ऐकला नसावा.

"तुला नीट दिसतं ना गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"मला दिसतं," ताई म्हणाली. "तुम्हाला?"

सासऱ्यांनी छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. पळवाट कुठेच नव्हती.

"नाही," ते म्हणाले.

७

सगळे काटे परत मागवले. कोपरे दुरुस्त झाले. व्यायामशाळेच्या मास्तरनं चार अश्रू ढाळून काटा दिला. निरीक्षक आला, त्यानं दिवसभर बसून काटे तापवून बघितले आणि शेवटी कुठे बोट ठेवायला जागा नाही म्हणून तो खट्टू होऊन गेला. मशीनचा विषय नवऱ्यानं पुन्हा काढला नाही.

सासऱ्यांना आता ताईच्या शेजारी स्टूल मिळालं होतं. नव्या सोल्डरनं, कुलूपबंद आयर्ननं ते सांधे जोडत. ताई भिंगातून बघे आणि म्हणे, "पुन्हा." ते कुरकुरत पुन्हा जोडत. कधी कधी ती तीनतीनदा "पुन्हा" म्हणे. त्यात थोडा जुना हिशेब चुकता होत असावा असा मला संशय आहे.

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनच्या दिवशी मी, आत्या आणि ताई अशा तिघी इस्पितळात गेलो. आत्यांना आत जाऊन बघायचं होतं. डॉक्टरांनी नम्रपणे नाही म्हटलं. सासऱ्यांना पलंगावर आडवं केलं, डोळ्यात थेंब घातले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हत्यारांचा ट्रे जवळ ओढत त्यांनी धीर दिला, "घाबरू नका हं आजोबा. हलक्या हातानं करते."

"एका जागी फार वेळ टेकवू नका," सासरे झोपल्या झोपल्या म्हणाले. "काम झालं असं वाटलं की लगेच उचला. शेजारचा माल नाजूक असतो. आणि चकाकी बघून फसू नका."

डॉक्टरीणबाईंनी हसून दाराशी उभ्या असलेल्या आमच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आजोबा, तुम्ही काय काम करता?"

सासऱ्यांनी ताईच्या दिशेनं अंदाजानं मान वळवली.

"मी होय?" ते म्हणाले. "मी शिकाऊ आहे."